घास न मोजणारं घर

३ मार्च

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि ते तसंच बाजूला ठेवून दिलं. मग वाटलं, चार वर्षांनी पत्र आलंय म्हणजे कोणीतरी गेलं असणार. म्हणून उघडलं. कोणी गेलेलं नाही. अजून तरी.

तू लिहितेस की 'हे' हल्ली जिना चढताना मध्येच थांबतात, छातीवर तळहात दाबतात आणि 'गॅस झाला' म्हणतात. सोडा घालून पाणी पितात, एक ढेकर काढतात आणि पुन्हा जेवायला बसतात. 'हे' म्हणजे माझा एकेकाळचा नवरा, आता तुझा. पूर्वी तू त्याला भाऊजी म्हणायचीस. सुट्टीत आमच्याकडे आलीस की त्याच्या ताटात लोण्याचा गोळा टाकायचीस आणि माझ्याकडे बघून हसायचीस. आता तुझ्यासाठी तो 'हे' झाला. मी त्याला 'तो' म्हणते. घटस्फोटाच्या कागदांवर सही केली त्याच दिवशी त्याचं आदरार्थी बहुवचनही परत करून टाकलं.

आता तुझ्या मागणीबद्दल. 'ताई, मी त्यांना खाण्यावरून काही बोलू शकत नाही, मी शब्द दिलाय. तूच एक खरमरीत पत्र लिही, तुला ते घाबरतात.' हा शब्द तू कुठे दिलास हेही मला माहीत आहे. माझ्याच स्वयंपाकघरात. मी बाहेरच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होते आणि तू आत त्याला म्हणालीस, 'माझ्या घरी तुमचे घास कोणी मोजणार नाही.' त्या एका वाक्यावर माझा बावीस वर्षांचा संसार उठला. बाकीच्यांचे नवरे रूपावर भाळतात. माझा लोण्यावर भाळला.

मी घास मोजत होते, हो. का मोजत होते ते तू कधी विचारलं नाहीस. त्याचा बाप पन्नाशीच्या आत हृदयविकारानं गेला. चुलता त्याच वाटेनं. हा दिवसभर गाडीत बसून लोकांना ड्रायव्हिंग शिकवतो. स्वतःचे पाय चालवायची वेळ त्याच्यावर येत नाही. वर सिगारेट. मी ज्या इस्पितळाचं स्वयंपाकघर सांभाळते तिथे हृदयविभागाची सगळी ताटं माझ्या हाताखालून जातात. रोज बिनमिठाचं जेवण घेऊन वॉर्डात गेलं की सगळे पुरुष एकच वाक्य बोलतात: 'बाई, मला वाटलं गॅस आहे.'

आणि 'शरीर थोराड आहे, हाडच मोठं आहे' हे तुझं लाडकं वाक्य पुन्हा लिहू नकोस. हाड पोटावर नसतं. वजनकाट्याचं एक वेळ सोडून दे. बेंबीवरून टेप फिरव. पोटाभोवतीची चरबी नुसती बसून राहत नाही, ती रक्तदाब वाढवते, साखर वाढवते, रक्ताच्या नळ्यांत कीट धरवते. मी बारीक आहे म्हणून माझं हृदय शहाणं, असं मी कधी म्हटलं नाही. वॉर्डात काडीसारखी माणसंही येतात, धूर पिऊन पिऊन आतून करपलेली. पण तुझ्या घरात पोट, धूर, बैठक आणि बापाचा वारसा असे चारही जण एकाच ताटाला बसलेत.

तोंड आहे तुला. वापर. शब्द मोड, नाहीतर विधवा हो. मधलं काही माझ्याकडे नाही.

ताई


१९ मार्च

धाकटे,

तू शब्द मोडणार नाहीस हे कळलं. 'तो शब्द मोडला तर माझ्याकडे राहिलंच काय' असं लिहिलंस. वाचून जरा बरं वाटलं. निदान स्वतःची किंमत तुला ठाऊक आहे.

तू ब्रेकबद्दल लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो, शिकणारा घाबरला तर गाडी थांबवायला. ह्याचं पोट डॅशबोर्डला लागायला लागलं म्हणून ह्यानं सीट मागे सरकवली. सीट मागे गेली तसा पाय ब्रेकला पोचेना. मग माणूस काय करेल? चालायला लागेल. जेवण कमी करेल. डॉक्टरकडे जाईल. ह्यानं सुताराकडून लाकडाचा ठोकळा करून आणला आणि ब्रेकवर बसवला! आणि तू ते 'यांचं डोकं बघ कसं चालतं' म्हणून कौतुकानं लिहितेस.

आता मी विचारते त्याची उत्तरं दे. झोपेत घोरताना मध्येच श्वास अडकतो का? अडकून मग दचकून उठतो का? घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे, हे तुला कोणी सांगितलं नसेल. दुखतं ते छातीतच, की जबड्यात, डाव्या हातात, पाठीतही? चालताना येतं आणि थांबला की जातं, असं आहे का? तसं असेल तर त्याला गॅस म्हणू नकोस. गॅस जिने मोजत नाही.

पत्र लिहायचं की नाही ते मी ठरवलेलं नाही. आधी मला त्याला बघायचंय. भेटायला येत नाहीये, घाबरू नकोस. तुझ्या दाराची पायरी मी चढणार नाही.

ताई


२८ मार्च

धाकटे,

काल बस पकडून तुमच्या गावी येऊन गेले. तुला कळवलं नव्हतं. त्याच्या ड्रायव्हिंग स्कूलसमोरच्या थांब्यावर बाकावर बसले होते, हातात पिशवी घेऊन, बस चुकलेल्या बाईसारखी. त्याची नजर माझ्यावरून गेली आणि पुढे सरकली. ओळखलं नाही. चष्म्याचा नंबर वाढला असेल, किंवा मी पुसली गेले असेन.

गाडी आली. चालवणारी एक कॉलेजातली मुलगी होती. फुटपाथला चाक घासलं तशी ती किंचाळली, 'सर, ब्रेक! ब्रेक!' आणि हा हसत होता. 'अगं, ब्रेक माझ्याकडेही आहे. तू फक्त आरसा बघ. स्वतःला नाही, मागच्यांना!' मुलगी हसली. चहाचा टपरीवाला हसला. मग हा उतरला. उतरला म्हणजे आधी एक पाय बाहेर आला, मग बराच वेळ काहीच आलं नाही, मग दोन्ही हातांनी दाराची चौकट धरून बाकीचा आला. टपावर हात टेकून उभा राहिला. कपाळावर घाम. ऊन नव्हतं.

'सर, पाणी देऊ?'

'पाणी काय देतेस, चहा सांग. साखर बघून घाल म्हणावं, म्हणजे दिसेल इतकी घाल.'

पुन्हा सगळे हसले. त्यानं सिगारेट पेटवली, टपरीवाल्यानं न मागता पावाला लोणी लावून दिलं, आणि तोंड भरलेलं असतानाच तो काहीतरी सांगून खो खो हसला. माझ्या घरात बावीस वर्षांत तो तोंड भरलेलं असताना कधी हसला नव्हता. माझ्या घरात त्याचं तोंडच भरलेलं नसायचं, म्हण.

शर्टाचं खालचं बटण तू दोऱ्याच्या फासानं वाढवून दिलं आहेस. टाका सुबक आहे.

पत्र लिहायचं ठरलं. मी थेट त्याच्या नावानं स्कूलच्या पत्त्यावर टाकते. तू मध्ये पडू नकोस, फोडू नकोस, 'ताईचं काय आलं' म्हणून विचारूही नकोस.

ताई


३० मार्च

तुमच्या नावानं पत्र लिहिताना काय म्हणावं ते सुचत नव्हतं, म्हणून काहीच न म्हणता सुरुवात करते.

तीन दिवसांपूर्वी तुमच्या गावावरून जाताना तुम्हाला लांबून पाहिलं. तब्येत छान झाली आहे. चेहऱ्यावर तेज आहे. मी तुम्हाला उगाच इतकी वर्षं जाचलं असं वाटून गेलं. लोण्याची बरणी कुलपात ठेवणारी बायको कोणाला हवी असते? तुम्ही गेलात ते बरोबरच केलंत.

माणसानं एवढं भिऊन जगू नये. छातीत कधी जड झालं, जिना चढताना दम लागला, तर वय झालं म्हणायचं आणि क्षणभर बसायचं. डॉक्टरकडे जाऊ नका, गेलं की तो काहीतरी काढतोच, त्याचं पोट त्यावर चालतं. वडिलांचं उदाहरण मी तुम्हाला सारखं द्यायची. ते विसरून जा. प्रत्येकाचं शरीर निराळं.

धाकटीच्या हाताला चव आहे. मन मारू नका. जे आवडतं ते खा, पोटभर खा, दुपारी झोपा, सिगारेट ओढावीशी वाटली तर ओढा. मी आता कशालाही नाही म्हणणार नाही. तुम्ही सुखात आहात, एवढं मला पुरे.

तुमची पूर्वीची


२२ एप्रिल

ताई,

हे पत्र मी इस्पितळातून लिहितेय. आमच्या इथल्या, तुझ्या नाही. घाबरू नकोस, सगळं नीट झालंय. आधी शेवट सांगितला, आता मधलं सांगते.

तुझं पत्र त्यांना स्कूलवर मिळालं. मी कपडे वाळत घालत होते, तर हे भरदुपारी घरी. चेहरा पांढराफटक. पत्र माझ्या हातात दिलं आणि खुर्चीत बसले. मी वाचलं. ताई, मला तर वाचून रडूच आलं, की ताईनं माफ केलं! मी म्हटलं, 'अहो, किती छान लिहिलंय तिनं.' तर माझ्या अंगावर ओरडले. आजवर कधी ओरडले नव्हते गं.

'छान? तुला काही कळतं का? तुझी ताई अशी कोणाशी बोलते ठाऊक आहे? तिच्या इस्पितळात ज्या पेशंटचं काही उरलेलं नसतं ना, डॉक्टर वरून चिठ्ठी पाठवतात, पथ्य बंद. मागेल ते द्या. मग ती स्वतः ताट घेऊन जाते, उशाशी बसते आणि गोड बोलते. घरी येऊन मला सांगायची, आज अमक्या खाटेवरच्याचं पथ्य उठलं. की समजायचं, उद्या खाट रिकामी.' आणि मग अगदी हळू म्हणाले, 'माझं पथ्य उठलं गं. तिनं लांबून बघितलं आणि ओळखलं.'

त्यांनी समोरचं ताट सरकवलं, मी वाढलेलं. स्वतः रिक्षा बोलावली. तपासणीत हृदयाच्या दोन नळ्या जवळजवळ बंद निघाल्या. डॉक्टर म्हणाले, 'आणखी थोडे दिवस गॅस गॅस करत बसला असतात, तर आम्ही भेटलोच नसतो.' नळ्या उघड्या राहाव्यात म्हणून आत स्प्रिंग बसवली आहे. परवा घरी सोडतील.

ताई, तू किती हुशार! मी रागावून लिही म्हणत होते. रागावली असतीस तर त्यांनी नेहमीसारखं हसून चुरगाळून टाकलं असतं. तुला बरोबर ठाऊक होतं की तू गोड बोललीस की ते हादरतील. त्यांना माझ्यापेक्षा तूच जास्त ओळखतेस, हे मी मान्य करते. मी तुझ्याशी जे केलं त्यावर तू हे केलंस. तुझे पाय धरावेसे वाटतात.

आता पुढे काय करू ते कळव. डॉक्टरांनी छापील कागद दिलाय, पण मला तुझ्याकडून हवंय.

तुझी धाकटी


२९ एप्रिल

धाकटे,

पाय धरू नकोस, मला गुदगुल्या होतात.

नळी उघडली म्हणजे माणूस दुरुस्त झाला असं नव्हे. ज्यानं ती बुजली ते सगळं तुझ्या स्वयंपाकघरात अजून डब्यात भरलेलं आहे. तळण बंद. लोणी, साय, बेकरीचं बंद. मीठ अर्ध्यावर आण, आणि वरून घ्यायची मिठाची वाटी टेबलावरून उचलून फेकून दे. भाज्या, डाळी, फळं; भूक थोडी शिल्लक असताना हात धुवायचा. सिगारेट 'कमी' करायची नसते, सोडायची असते. गोळ्या एक दिवसही चुकता कामा नयेत. स्प्रिंग नवी आहे तोवर गोळी चुकली तर तिच्यावरच रक्ताची गुठळी धरते. डॉक्टर हो म्हणाले की चालायला लाव. आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग हळूहळू वाढवत अर्धा तास, रोज, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगानं. एकदम बारीक करायच्या मागे लागू नकोस. अंगावरचं थोडंसं ओझं उतरलं तरी रक्तदाब खाली येतो.

आणि हे सगळं तूच सांगायचंस. रोज. प्रत्येक घासाला. तो चिडेल, रुसेल, शेजाऱ्यांकडे जाऊन खाईल. तू खिसे तपासायचेस, श्वासाचा वास घ्यायचास, टपरीवाल्याला दम भरायचास. तुझ्या शब्दाचं काय करायचं ते तू बघ. आता त्या घरात कोणीतरी घास मोजायला हवा आणि मी तिथे राहत नाही.

मजा कर.

ताई


३० जून

धाकटे,

तुझी तीन पत्रं एकदम वाचली. पहिल्यात तू खूश आहेस: तो चालतोय, कंबर उतरली, ठोकळा काढला, पाय ब्रेकला नुसताच पोचतो. दुसऱ्यात तो बोलत नाही. तिसऱ्यात तो बोलला.

'तुझ्यात आणि तुझ्या ताईत आता फरक काय राहिला? मग मूळचीच काय वाईट होती?'

हे तू मला जसंच्या तसं लिहून पाठवलंस, त्याबद्दल आभार. दुसरी एखादी असती तर गिळून बसली असती. त्याच्या खालचंही वाचलं. 'तिनं मला वाचवलं. तू मला भरवून भरवून मारत होतीस.' आणि आता त्यानं बॅग भरून दाराशी ठेवली आहे, मी बोलावीन म्हणून वाट बघत बसलाय. तोवर चालणार नाही, गोळ्या घेणार नाही, 'तुझ्या ताईच्या हातून घेईन.' सिगारेट पुन्हा सुरू. डॉक्टर म्हणाले, गोळ्या अशा सोडल्या तर हा पुन्हा टेबलावर येईल, आणि या वेळी चालत येणार नाही. तू विचारतेस, 'ताई, तू त्यांना घेऊन जातेस का? मी मध्ये येणार नाही. ते जगू देत, कुठेही.'

एवढं प्रेम करतेस तर. बरं. यापुढचं त्याच्यासाठी आहे, त्याला वाचायला दे.

बॅग रिकामी करा. माझ्याकडे तुमच्यासाठी जागा नाही. खोली मी एका नर्सला भाड्यानं दिली आहे आणि ती घोरत नाही. मी तुम्हाला वाचवलं हा तुमचा गैरसमज आहे. ते पत्र ही युक्ती नव्हती. मी तुम्हाला थांब्यावरून बघितलं, कपाळावरचा घाम बघितला, टपावर टेकलेला हात बघितला आणि काय आहे ते मला तिथेच कळलं. वॉर्डात रोज बघते. त्याच वेळी तुम्ही तोंड भरून हसलात. घरी येऊन मी विचारपूर्वक, एकही खाडाखोड न करता, तुम्हाला मरायला सोपं जाईल असं पत्र लिहिलं. डॉक्टरकडे जाऊ नका असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे, पुन्हा काढून वाचा. तुम्ही घाबरलात आणि वाचलात. त्यात माझं श्रेय शून्य. मी तर बातमीची वाट बघत होते.

आता ऐकते की गोळ्या बंद केल्यात, सिगारेट पेटवलीत, खुर्चीत बसून आहात. उत्तम. मला जे पत्रानं जमलं नाही ते तुम्ही स्वतःच्या हातानं करून देताय. माझी हरकत नाही. पांढरी साडी माझ्याकडे आहे, इस्त्री करून ठेवते. लोक म्हणतील, पहिलीनं जपला होता, दुसरीकडे जाऊन गेला. मी मान खाली घालीन आणि आतून हसेन, तोंड भरून.

इथपर्यंत त्याचं. आता तुझं.

धाकटे, यातलं एक अक्षरही खोटं नाही, तेव्हा मला मनात मोठी करू नकोस. तो आरडाओरडा करेल, मला शिव्या घालेल, शेजारी ऐकतील. ऐकू देत. तू मध्ये 'अहो, ताईचा तसा अर्थ नसेल' असं म्हणायचं नाहीस. तसाच अर्थ आहे. बावीस वर्षं मी त्याला माझ्यावरच्या रागावर चालवला. रागावला की हा तावातावानं चालत सुटतो आणि मला दाखवायला म्हणून जगतो. प्रेमानं तो फक्त जेवतो. तुझं प्रेम त्यानं खाऊन संपवलं, आता त्याला माझा राग पुरव. संपला की कळव, माझ्याकडे भरपूर आहे.

मला भेटायला येऊ नकोस. त्याचा फोटोही पाठवू नकोस.

हे पत्र त्याला रात्री देऊ नकोस, नुसता तळमळत पडेल. सकाळी दे, चहाच्या आधी, गोळ्या आणि पाण्याचा पेला समोर ठेवून. आणि बूट दाराशी काढून ठेव.

ताई